उष्णता जाते कुठे?

अवकाशातल्या युद्धात जहाज अदृश्य करणं हे मानवी बुद्धीपुढचं शेवटचं आव्हान आहे, असं मर्व क्रॉसवेलचं ठाम मत होतं. हे आव्हान त्याने दक्षिण गोलार्धातल्या एका बेटावर, डेव्हनपोर्टच्या जुन्या स्काउट हॉलमध्ये, जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका रविवारी, दुपारच्या चहाच्या आत पेललं. जहाजाची लांबी सहा सेंटिमीटर होती आणि ते शाम्पूच्या बाटलीचं झाकण होतं.

ते झाकण त्यानंतर अकरा वर्षं अदृश्य राहिलं. म्हणजे ते मर्वच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या वरच्या खिडकीत, भांडी घासायच्या साबणाशेजारी ठेवलेलं असे, आणि त्याची बायको ग्लेनिस दर शनिवारी ते उचलून खालची धूळ पुसत असे. पण नियमाप्रमाणे ते अदृश्य होतं, आणि नियम मर्वनेच लिहिलेले असल्यामुळे सवलत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

खेळ तसा साधा. दोन टेबलं जोडायची, वर काळं कापड अंथरायचं, कापडावर पांढऱ्या दोऱ्याने चौकटी शिवलेल्या. हे अवकाश. एका बाजूला मर्वचं आरमार, दुसऱ्या बाजूला विम हुक्स्ट्राचं, आणि मध्ये पंच म्हणून नोरीन, मांडीवर विणकाम घेऊन. सुरुवातीला क्लबात नऊ माणसं होती. मर्वची नियमावली जसजशी जाड होत गेली तसतशी माणसं रोडावत गेली आणि शेवटी ही तीनच उरली. मर्वच्या मते त्यामुळे क्लब शुद्ध झाला होता.

अदृश्यतेचा नियम हा या नियमावलीचा कळस होता. अवकाशयुद्धाच्या गोष्टींमध्ये काय होतं, तर कप्तान एक बटण दाबतो, जहाज नाहीसं होतं, आणि आत बसलेला कप्तान खिडकीतून शत्रूची फजिती बघत हसत असतो. मर्वच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. त्याने तेहेतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली होती. दिसणं म्हणजे काय, हे त्याला विचारा. उजेड वस्तूवर पडतो, तिथून निघतो आणि डोळ्यात शिरतो. आता तोच उजेड जहाजाला वळसा घालून परस्पर निघून जात असेल, तर आतल्या कप्तानाच्या डोळ्यात शिरणार कुठून? तेव्हा जो कुणाला दिसत नाही त्यालाही कुणी दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, पण जगात कुणाच्या लक्षात आली नव्हती.

म्हणून नियम नऊ, पोटनियम तीन: ज्याचं जहाज अदृश्य असेल त्याने ते टेबलावरून उचलावं, जागा चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात पंचाकडे द्यावी, आणि डाव संपेपर्यंत टेबलाकडे पाठ करून, दोन्ही काचा काळ्या केलेला चष्मा घालून बसावं. चष्मा त्याने स्वतः दुकानात बनवला. फ्रेम बऱ्यापैकी भारीतली होती.

विमला उजेडाचं काही वाटत नसे. त्याचा धंदा कोल्डरूम दुरुस्तीचा. बटाट्याची गोदामं, मासेवाल्यांची शीतघरं, किनाऱ्यावरच्या निम्म्या स्वयंपाकघरांतले फ्रिज, सगळे त्याने उलटेपालटे करून पाहिलेले. त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. थंडी बनवता येत नाही. उष्णता इथून उचलायची आणि शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायची. तो म्हणायचा, अवकाश गारठलेलं, तुझ्या जहाजात इंजिन, चारशे माणसं, त्यांचा रोजचा स्वयंपाक. गार खोलीत तापलेली शेगडी लपेल का? उष्णता जाते कुठे? यावर मर्वने जहाजाच्या पोटात डोंगराएवढी बर्फाची लादी ठेवली. तीन डाव पुरेल एवढी उष्णता तिच्यात जिरते, असा हिशोब मांडला. विम हसून हसून खोकला. आयुष्यभर बर्फ वाहिलाय मी, म्हणाला, तो असा कुणाच्या भरवशावर बसून राहत नाही.

हा वाद दर रविवारी, दोन ते पाच, सलग दीड वर्ष चालला. मर्वने कधी बोलून दाखवलं नाही, पण ते दीड वर्ष फार चांगलं गेलं होतं.

मग तो जुलैतला रविवार. सहावा डाव. मर्वने चिठ्ठी लिहिली, पाकीट चिकटवलं, नोरीनच्या बिस्किटांच्या डब्यात टाकलं, झाकण खिशात घातलं, पाठ फिरवली आणि काळा चष्मा लावला. नोरीन किटली लावून कप विसळायला मागे गेली. अंधारात मर्वला खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाठीमागून विमचा आवाज: "हे काही चालायचं नाही." थोडं थांबून: "उष्णता जाते कुठे?" जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज, पावलं, दार. बाहेर व्हॅन सुरू झाली.

मर्वला लगेच वळून बघता आलं नाही. डाव संपलेला नव्हता.

वाद समोरासमोर कितीही घाला, त्याची ना नव्हती. पण चाल चालून झाल्यावर, माणूस नियमाप्रमाणे आंधळा होऊन बसलेला असताना, त्याच्या पाठीमागे निकाल देऊन निघून जायचं? नोरीनने येऊन चहा विचारला. मर्व नको म्हणाला. विम कुठे, तर म्हणाला गेला. दहा मिनिटांत त्याने अवकाशाची घडी केली, आरमारं अंड्यांच्या खोक्यांत भरली, सगळं कपाट नंबर तीनमध्ये कोंबून हॉलला कुलूप लावलं. पुढचे दोन रविवार त्याने निषेध म्हणून क्लब बंद ठेवला. हे त्याने कुणालाही कळवलं नाही, कारण सांगून केलेल्या निषेधाला काही शान राहत नाही. तिसऱ्या रविवारी दार उघडून तो पाच वाजेपर्यंत बसला. विम आला नाही. चौथ्यालाही नाही.

नंतर ते पहिल्यांदा समोरासमोर आले ते सुपरमार्केटात, टॉयलेट पेपरच्या गल्लीत. मर्वने चोवीस रोलांचा गठ्ठा छातीशी धरून त्यामागे तोंड घातलं. विम खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. तो, अख्खं बेट घालतं तसे, बिननाडीचे बूट घालतो. त्या दिवसापासून चार गल्ल्यांच्या अंतरावर राहणाऱ्या या दोघांनी अदृश्यतेचं तंत्र असं काही पूर्णत्वाला नेलं की आरमारं थक्क व्हावीत. त्यात एकच गोम होती, जी मर्वने स्वतःच शोधून काढलेली: ज्याला दिसायचं नसतं त्याला बघताही येत नाही. विम बारीक झालाय का, केस गेले का, मर्वला काही कळत नसे. कळे ते फक्त एवढं, की रविवारी दोनला पाच कमी असताना आपण खिडकीशी उभे आहोत आणि रस्त्यावर व्हॅन नाही.

चार वर्षांनी नोरीन गेली. विणकाम अर्धवट होतं.

आणि गेल्या हिवाळ्यात शेजारच्या केव्ह ट्रिफिटने कुंपणावरून सांगितलं, की विमने घर विकलं. "क्वीन्सलंडला चाललाय. बंडाबर्गला, लेकीकडे. पुढच्याच्या पुढच्या बुधवारची बोट."

मर्व म्हणाला, "असं?" आणि चष्मा काढून पुसायला लागला. पाव तास पुसत होता.

त्या रात्रीच्या जेवणाला त्याने ग्लेनिसपुढे योजना मांडली. आधी हॉलच्या कपाटातून ते पाकीट मिळवायचं. मग तो अर्धवट राहिलेला सहावा डाव जसाच्या तसा मांडायचा. आपली चाल बिनतोड होती हे सिद्ध करायचं, आणि मग मोठ्या मनाने विमला बोलवायचं. पाकिटात काय लिहिलंय ते मर्वला पाठ होतं. जगात ते त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि एकट्याला माहीत असलेली चाल ही चालच नव्हे.

"फोन कर की," ग्लेनिस म्हणाली.

"फोन करून काय सांगू?"

"ये म्हणावं."

मर्वने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाणबुडीला खिडक्या बसवायला सुचवलं होतं.

केव्हचा सल्ला अधिक तांत्रिक होता. तो वॅलबींची, म्हणजे छोट्या कांगारूंची, शिकार करत असे आणि लपणे या विषयावर त्याचा अधिकार मानला जाई. त्याच्या मते अदृश्य होण्याची मुळी गरजच नसते. माणसाने कंटाळवाणं दिसावं. "जहाजाला कचऱ्याच्या गाडीचा रंग दे आणि एक पिवळा दिवा लाव. अख्ख्या अवकाशात कुणी मान वळवून बघायचं नाही." मर्वने समजावलं, की तोफ डागली की जागा कळते, मग रंग कुठलाही असो. केव्ह म्हणाला, मग डागू नये. कचऱ्याच्या गाडीला तोफ लागते कशाला? या माणसाबरोबर डाव मांडता येत नसे तो यामुळे. विम असता तर म्हणाला असता, गाडीचं इंजिन तापतं त्याचं काय.

दुसऱ्या दिवशी मर्व हॉलवर गेला, तर कपाटाला परकं कुलूप. हॉल आता एका व्यवस्थापन समितीकडे होता, समितीने सगळी कुलपं बदलली होती, आणि कपाट उघडून हवं असल्यास तीन पानी फॉर्म होता. मर्व फॉर्म भरणाऱ्यांतला माणूस. त्याने चांगलं पेन काढलं आणि इमानेइतबारे लिहिलं. ठेवलेल्या वस्तू: युद्धनौका, चोवीस. लांबी: चार किलोमीटर (सर्वांत मोठी). इंधन: अणुशक्ती. सद्यस्थिती: तेवीस उत्तम, एक अदृश्य.

समितीच्या चिटणीस डल्सी फेनर यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाई शांत होत्या. आयुष्यभर त्या शाळेच्या कचेरीत होत्या.

"मिस्टर क्रॉसवेल, तुम्ही लांबी चार किलोमीटर लिहिली आहे. आमचं कपाट नव्वद सेंटिमीटरचं आहे."

मर्वने खुलासा केला, की ती खरी लांबी. ठेवलेली लांबी सहा सेंटिमीटर.

"आणि अणुशक्ती?"

"संपत आली असेल आता."

"बरं. अदृश्य म्हणजे हरवलंय का? कारण हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म वेगळा आहे."

मर्वला 'हरवलंय' हा शब्द लागला. त्याने नियम नऊ पोटनियमांसह वाचून दाखवला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि तीन दिवसांनी पत्र आलं: समितीच्या नियम चौदानुसार हॉलमध्ये नौका, नौकेची गाडी व इंधन ठेवण्यास मनाई आहे. सबब नौका येत्या रविवारी दुपारी दोन वाजता, चिटणिसांच्या देखत, दोन्ही नोंदणीकृत ताबेदारांनी समक्ष हजर राहून हलवाव्यात. ताबेदार: एम. क्रॉसवेल. डब्ल्यू. हुक्स्ट्रा. सोबत जोडलेल्या संमतिपत्रावर दुसऱ्या ताबेदाराची सही आणावी.

मर्वने पत्र दोनदा वाचलं. आधी सिद्ध करायचं, मग बोलवायचं, असा क्रम होता. समितीने तो उलटा केला होता, आणि तोही नियमावर बोट ठेवून. नियमाला मर्व कधी नाही म्हणू शकत नसे.

दार वाजवून सही मागणं अर्थातच शक्य नव्हतं. कागद विमच्या टपालपेटीत टाकायचा, तोही कुणी पाहू नये असा. केव्हने आपल्या गाडीतून कोपऱ्यापर्यंत सोडलं. मर्व तिथून कुंपणाच्या कडेकडेने, कमरेत वाकून, एकेका झुडपाचा आडोसा घेत निघाला. विमच्या फाटकापाशी 'विकले' अशी पाटी होती आणि अंगणात खोकी रचलेली होती. ती बघून मर्व जिथे होता तिथेच, आडोसा सोडून, उभा राहिला.

"मर्व, दिसतोयस रे गड्या," केव्ह कोपऱ्यावरून ओरडला. सगळ्या गल्लीने ऐकलं.

मर्वने कागद पेटीत कोंबला आणि साठीला शोभणार नाही अशा चालीने परतला.

दुसऱ्या दिवशी कागद त्याच्या स्वतःच्या पेटीत होता. सही केलेली. आणि खाली 'शेरा' या रकान्यात, अकरा वर्षांनी, विमच्या चौकोनी अक्षरात एकच शब्द: उष्णता?

मर्व खुर्चीत बसला. म्हणजे हा माणूस विसरला नव्हता. हा माणूस अकरा वर्षं त्याच प्रश्नाशी थांबलेला होता. मर्वने त्या दिवशी दुपारचं जेवण सोडून चार पानं लिहिली, आकृत्यांसह: लादी किती, ती वितळायला किती वेळ, वितळलेलं पाणी कुठे साठतं. ती पानं त्याने ताठ मानेने, भर रस्त्याने जाऊन पेटीत टाकली.

उत्तर आलं: 'ते समजलं. पण उष्णता आहे की नाही?'

मर्वने सात पानं लिहिली.

उत्तर आलं: 'बरं. मी जॅकेट घालून येतो.'

हा टोमणा होता. मर्वला तो मनापासून आवडला. त्याने चिठ्ठी ग्लेनिसला दाखवली. ती वाचून ग्लेनिस म्हणाली, "मला वाटतं तो काहीतरी वेगळंच विचारतोय." मर्वने तिला समजुतीने सांगितलं, की तिचा या शास्त्राशी संबंध आलेला नाही. ग्लेनिसने त्याच्या पिशवीत एक जाड मफलर घातला.

रविवारी मर्व दीडलाच जाऊन पायऱ्यांवर उभा राहिला. खिशात झाकण होतं. गार वारा नदीवरून सरळ वर येत होता. खाली धक्क्यावर ती मोठी बोट लागलेली होती, पांढरी, सात मजली, कुठूनही दिसेल अशी. बुधवारीही ती अशीच दिसणार होती. तिच्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं आणि बघत राहिला.

दोनला पाच कमी असताना कोपऱ्यावर व्हॅन वळली.

विम बारीक झाला होता. केस गेले होते. दोघे एकमेकांसमोर आले तेव्हा आसपास टॉयलेट पेपर नव्हता.

"मर्व," विम म्हणाला.

"विम," मर्व म्हणाला.

एवढ्या लांबलचक संभाषणानंतर दोघांनाही दम लागला असावा, कारण पुढचं डल्सीबाई येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

बाई क्लिपबोर्ड आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. कपाट नंबर तीन उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं: काळं कापड, अंड्यांची खोकी, क्लबचा जुना हीटर, किटली, नोरीनचा बिस्किटांचा डबा. बाईंनी नौका मोजल्या. तेवीस.

"चोविसावी?"

मर्व घोटाळ्यात पडला. ती खिशात होती, पण विमच्या देखत बाहेर काढणं म्हणजे दृश्य होणं, आणि डाव अजून चालू होता. त्याने विमला पाठ फिरवायची विनंती केली. विमने काही न विचारता पाठ फिरवली आणि वर डोळ्यांवर हातही ठेवले. मर्वने तळहात उघडला. बाईंनी चष्मा सारखा करून निरखलं आणि नोंद केली: झाकण, एक.

"आता हलवा," त्या म्हणाल्या.

नौका हलवायला म्हणून दोघांनी कापड उचललं, आणि उचललेलं कापड हातांनी आपोआप टेबलांवर अंथरलं गेलं. कुणी ठरवलं नाही. सहाव्या डावाची मांडणी मर्वला आपल्या बाजूची आठवत होती, विमची नव्हती. विमने खिशातलं पैशांचं पाकीट काढलं, त्यातून घडी घालून घालून विरलेला कागद काढला आणि त्यावर बघून आपली बारा जहाजं एकेक करून चौकटींत ठेवली.

"तू हे जपून ठेवलंस?" मर्व म्हणाला.

"डाव संपला नव्हता ना," विम म्हणाला.

पंच नव्हता. डल्सीबाईंनी घड्याळ बघितलं, हॉल पाचपर्यंत आपल्याच ताब्यात आहे असं त्या म्हणाल्या, आणि नोरीनच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी डब्यातून पाकीट काढलं, फोडलं आणि शाळेच्या हजेरीच्या आवाजात वाचलं: "विमच्या मुख्य जहाजाच्या पाठीमागे, इंजिनाला खेटून. एका बोटाच्या अंतरावर."

विम आपल्या मुख्य जहाजाकडे बघत होता. ते लोण्याच्या डब्याचं होतं. त्याने बोट त्याच्या पाठीशी टेकवलं, जिथून इंजिनाची धग बाहेर पडत असणार, आणि त्या धगीपुढे दुसरी कुठलीही ऊब ओळखू येणं शक्य नव्हतं. पूर्वी तो एक गोष्ट नेहमी सांगायचा. कुठल्याही घरी जा, फ्रिज पुढे ओढला की मागे दोन वस्तू सापडतात, एक हरवलेला चमचा आणि एक झोपलेलं मांजर. फ्रिज जिथे उष्णता टाकतो, मांजर तिथेच जातं.

"मांजर," विम म्हणाला.

"मांजर," मर्व म्हणाला.

"म्हणजे बर्फाची गरजच नव्हती."

"बर्फ तुला चकवायला होता. मी तुझ्या पाठीशीच होतो."

विमने मान हलवली. बराच वेळ हलवत होता. "ही चाल चालली असती, मर्व. मला सात जन्मात कळली नसती."

अकरा वर्षं ऐकायचं होतं ते मर्वने ऐकलं. आता मोठं मन दाखवायला हरकत नव्हती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मग तेव्हा का म्हणालास, चालायचं नाही म्हणून?"

"कधी?"

"त्या दिवशी. माझ्या पाठीमागे. हे काही चालायचं नाही, उष्णता जाते कुठे, म्हणालास आणि गेलास."

विम त्याच्याकडे बघत राहिला. "हीटर," तो म्हणाला.

"काय हीटर?"

"अरे, हीटर बंद पडला होता. बोटं वाकेनात गारठ्याने. मी मागे जाऊन बघितलं, हात लावला, तर ढिम्म. म्हटलं हे काही चालायचं नाही. मग घरी गेलो पार्ट आणायला, गॅरेजमध्ये होता एक. परत आलो तर हॉलला कुलूप. पुढच्या रविवारी आलो. कुलूप. त्याच्या पुढच्याही. म्हटलं, ठीक आहे, मला बोलवायचं नाहीये यांना. मग एकदा सुपरमार्केटात तू तो गठ्ठा तोंडासमोर धरलास."

"आणि या चिठ्ठ्या?"

"हॉलमध्ये आता हीटर असतो का, विचारत होतो. गुडघे धरतात माझे." विमने जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक लांबट खोकं काढून टेबलावर, बरोबर दोन आरमारांच्या मध्ये ठेवलं. हीटरची नवीकोरी कांडी. सील तसंच होतं. "म्हटलं, आज असू दे जवळ."

वर्षाचे बावन्न रविवार, अशी अकरा वर्षं. चष्म्याच्या दुकानात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाने काळ्या काचा लावून एक वाक्य ऐकलं होतं, आणि मग वळून बघितलं नव्हतं. नियमात बसत नव्हतं म्हणून. उरलेल्या रविवारांचं गणित करायचीही सोय नव्हती, कारण बुधवारच्या आधी रविवार हा एवढाच होता.

"बंडाबर्गला गरम असतं म्हणे," मर्व शेवटी म्हणाला.

"फार," विम म्हणाला. "तिकडे तुझं जहाज कुणालाच सापडायचं नाही. सगळंच तापलेलं." आणि थोड्या वेळाने, "कंटाळा येईल मला."

मग तो उठला, कारण हातांना काम दिल्याशिवाय त्याला पुढचं बोलता येत नसे. कपाटातला जुना हीटर त्याने स्टेजच्या कोपऱ्यात नेला, पेचकस काढला, नवी कांडी फोडायच्या आधी सहज म्हणून प्लग भिंतीत घातला आणि बटण दाबलं.

हीटर लागला. दोन्ही कांड्या आधी गुलाबी, मग लाल झाल्या. धूळ जळाल्याचा वास सुटला. दोघे समोर उभे राहून हीटरकडे बघत होते, जसं एखाद्या अकरा वर्षांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं. त्यांना ऊब लागत होती.

तेवढ्यात डल्सीबाई भरलेली किटली घेऊन आल्या. डाव पाचपर्यंत चालायचा तर चहा हवा, असं त्यांचं पंच म्हणून मत झालं होतं. त्यांनी हीटरचा प्लग उपसला, तिथे किटलीचा खुपसला, आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून भिंतीकडे बोट केलं. बटणाच्या वर, स्टेजच्या पडद्याने अर्धवट झाकलेला, पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवलेला होता. अक्षर नोरीनचं होतं. खाली तारीख होती, त्या जुलैतल्या रविवारच्या आदल्या आठवड्याची.

'एका वेळी एकच लावावे. हीटर किंवा किटली.'